कारल्याचा वेल आणि विरी गेलेलं पीठ : कवितेतला पदार्थ आठवण कसा आणतो?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या गावात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमून कविता वाचतो. गेल्या वेळी मी आजीवरची कविता वाचली. वाचून झाल्यावर एक ज्येष्ठ सदस्य शांतपणे म्हणाले, "ताई, भाकरी खमंग होती हे कळलं. आजी मात्र कुठे दिसली नाही." आवंढा आला होता म्हणून मी काही बोलले नाही. घरी येऊन चार वेळा वाचली. त्यांचं बरोबर आहे. कविता अशी :

माझ्या आजीच्या हातची भाकरी
खमंग, खरपूस, मायेनं भरलेली
तिच्या वासानं भरून जायचं घर
आणि तृप्त व्हायचो आम्ही सगळे
आज ताटात सारं काही आहे
आजी, फक्त तू नाहीस

यातलं एक वाक्य खोटं नाही. तरी ही कुणाच्याही आजीची भाकरी आहे. आजीचं नाव बदला, भाकरीच्या जागी पुरणपोळी घाला, काही बिघडत नाही.

त्या रात्री झोप लागेना, आणि का कोण जाणे, भोंडल्यातलं कारल्याचं गाणं डोक्यात फिरत राहिलं. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा. ती वेल लावते. कारल्याचा वेल लावला हो सासूबाई, आता तरी धाडा ना. मग सासू म्हणते, कारली लागू देत. लागली. आता भाजी कर. केली. भाजी खा. खाल्ली. मग सासू हात झटकते, मला काय पुसतेस, पूस आपल्या सासऱ्याला. मग सासरा, मग दीर, असं घरभर फिरल्यावर कुठे शेवटी आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा.

हे गाणं मी लहानपणापासून फेर धरून म्हणत आलेय, पण एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आली. आमच्याकडे म्हणतात त्या गाण्यात 'कडू' हा शब्द एकदाही येत नाही. कारलं कडू असतं हे कुणी कुणाला सांगत नाही. माहेरची आठवण येते, रडू येतं, असंही सून म्हणत नाही. बी रुजवल्यापासून कारलं हाती यायला दोन महिने तरी जातात. तेवढे दिवस ती रोज त्या वेलाकडे बघत असणार, आज फूल आलं, आज कळी दिसली, करत. जे कडू आहे ते तिनं स्वतःच लावायचं, वाढवायचं, शिजवायचं आणि गिळायचं, तेव्हा वाट सुटणार. आणि हे सगळं म्हणायला गाण्याला एक भाजी पुरली.

पदार्थाचं नाव घेतलं की आठवण आपोआप मागून येते, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. मग कवितेत नक्की काय करावं लागतं? तुमच्या वाचनातलं सांगा, लिहिण्यातलंही सांगा. माझ्या कवितेची चिरफाड केलीत तरी चालेल, त्यासाठीच टाकलीय.

शेजारीण

कारल्याचं गाणं वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं म्हटलं, कधी असं पाहिलं नव्हतं.

भोंडल्यातलंच दुसरं गाणं आठव, वेड्याच्या बायकोचं. ती लाडू करते, तो येऊन निरखून बघतो आणि चेंडू चेंडू म्हणून खेळायला घेऊन जातो. मग चकली, मग शेवया, दर वेळी त्याला दुसरंच काही दिसतं. लहानपणी नुसतं हसायचो. आज वाटतं, उपमा नुसती दिसण्यावरून दिली की लाडवाचा चेंडू होतो. गोल दिसलं, झाला चेंडू. लाडू खायचा असतो हेच निसटतं. कवितेत पदार्थ आणताना मला ही भीती नेहमी वाटते.

तापीकाठ

उंबरठाताई, उत्तर तुम्हीच अर्धं दिलंय. गाण्यातली क्रियापदं बघा : लाव, लागू दे, कर, खा. आणि तुमच्या कवितेतली विशेषणं बघा : खमंग, खरपूस, मायेनं भरलेली. मला वाटतं आठवण क्रियापदात राहते. विशेषण म्हणजे खाऊन झाल्यावर दिलेलं प्रशस्तिपत्र, खाणाऱ्याचं. रांधणाऱ्याची आठवण हवी असेल तर तिचे हात काय करत होते ते यायला पाहिजे.

मी जळगावकडचा, त्यामुळे बहिणाबाईंकडे जाणारच. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात आणि घरात काम करताना म्हणत आणि त्यांचे पुत्र सोपानदेव ते टिपून ठेवत. त्या गेल्या १९५१मध्ये आणि गाणी छापून आली १९५२मध्ये. या चार ओळी सगळ्यांना पाठ आहेत :

अरे, संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मियते भाकर

इतक्या वेळा ऐकलंय की आता सुविचारासारखं वाटतं, लग्नपत्रिकेवर छापतात. पण हळू वाचा. भाकरीची चव यात आहे का? वास आहे का? काही नाही. हाताला चटके आहेत. भाकरी हातानं तव्यावर टाकणाऱ्या, हातानं उलटणाऱ्या, तव्यावरून काढून आराला लावणाऱ्या बाईच्या बोटांना माहीत असलेली गोष्ट आहे ती. आणि 'आधी' आणि 'तव्हा' हे दोन शब्द. चुलीपाशी कामाला क्रम असतो, तो क्रमच चार ओळींत उतरलाय. आमच्याकडे 'मिळते'चं 'मियते' होतं, ळ जाऊन य येतो. माझी आई तसंच बोलायची. शाळेच्या पुस्तकात 'मिळते' वाचलं की मला ती भाकरी परकी वाटते. शब्दाचा उच्चारसुद्धा पदार्थाचा भाग असतो.

याच गाण्यात पुढं भिलावा, म्हणजे बिबा, येतो, त्याकडे फार कमी लोक थांबतात. संसाराला भिलावा म्हणू नको, त्याला गोड भीमफूल असतं आणि आत गोडंब्याचा ठेवा, असं त्या म्हणतात. ज्यांनी बिबा फोडलेला पाहिला नाही त्यांना यातली ताकद कळायची नाही. बिब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, डाग राहतात. त्याच बिब्याला चिकटलेलं फूल वाळवून खातात, गोड लागतं. आणि आतली गोडंबी काढायची तर ते तेल चुकवत एकेक बिबा फोडायचा. डिंकाच्या लाडवात जी गोडंबी दाताखाली येते, तिच्यामागे कुणाची तरी भाजलेली बोटं असतात. माझ्या आजीच्या उजव्या अंगठ्यावर असा काळा डाग होता. मी गोडंबी खातो तेव्हा मला तो डाग आठवतो, चव नंतर. बहिणाबाईंनी गोड आणि भाजणारं एकाच फळात दाखवलं, दोन वेगळ्या उपमा शोधत बसल्या नाहीत.

दुपारचा_चहा

या विषयावर मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाचं नाव निघणारच, तर मीच काढतो. १९१३मध्ये आलेल्या त्याच्या कादंबरीच्या पहिल्या भागात चहात बुडवलेल्या केकच्या तुकड्यावरून अख्खं बालपण परत येतं. तो प्रसंग सगळे सांगतात, पुढचं सांगत नाहीत. तो दुसरा घोट घेतो तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. तिसऱ्यात आणखी कमी. मग तो थांबतो, म्हणजे पेयात काही नाही, जे आहे ते आपल्यात आहे, असं त्याला कळतं.

शरीरशास्त्रातही याला आधार आहे. डोळ्यांचा, कानांचा निरोप मेंदूत थॅलॅमसच्या नाक्यावरून पुढं जातो. वास मात्र तिथं न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी पोचतो. म्हणून फोडणीच्या वासानं डोळे आधी भरतात आणि कारण मागाहून कळतं.

पण कवितेकडे वास नाही. कागदाला फोडणीचा वास येत नाही. खमंग, खरपूस असं एकापुढे एक लिहिणं म्हणजे दुसरा घोट, तिसरा घोट. हाती येतं ते कमी कमीच.

मुळारंभ

चहावाल्या दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमच्या परंपरेत हा वाद फार जुना आहे, आणि दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत.

एका बाजूला तुकोबा. 'बोलाचीच कढी बोलाचाचि भात, जेवूनियां तृप्त कोण जाला.' कागदावर साखर लिहून चाटली तर गोडी येत नाही, असंही त्याच अभंगात आहे. शब्दानं पोट भरत नाही.

दुसऱ्या बाजूला ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, अमृताशी पैज जिंकणाऱ्या बोलाच्या लगेच पुढं ते म्हणतात, 'ऐका रसाळपणाचिया लोभा, कीं श्रवणींचि होति जिभा.' शब्द इतका रसाळ असेल की कानांनाच जिभा फुटतील. मी कीर्तनाला बसणारा माणूस आहे, ही ओळ पहिल्यांदा नीट ऐकली तेव्हा खरंच जीभ हलली होती माझी.

मला दोघंही खरे वाटतात. ज्ञानदेव शब्दाची ताकद सांगताहेत, तुकोबा अनुभवाशिवाय बोलणाऱ्याला अडवताहेत. उंबरठाताईंच्या पहिल्या कवितेला तुकोबांनी अडवलं असतं आणि कारल्याच्या गाण्याला ज्ञानदेवांनी मान डोलावली असती.

आता सावता माळी. अरण, माढा तालुका, सोलापूर जिल्हा. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी. लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी.' एक तरी विशेषण आहे का? हिरवीगार नाही, ताजी नाही, चवदार नाही. नुसती नावं, वाफ्यात हात घालून एकेक उपटावं तशी. आणि लगेच पुढं मोट, नाडा, विहीर, दोरी. भाजीच्या मागं पाणी काढण्याचं काम उभं आहे. भक्ती सांगायला त्यांना मळ्याबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही.

एक गोष्ट जाता जाता. मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८मध्ये. सावता महाराजांची समाधी १२९५ची. म्हणजे या ओळीतली मिरची नंतर कुणाच्या तरी तोंडून आत आली असणार. मला यात काही वाईट दिसत नाही. म्हणणाऱ्यानं आपल्या मळ्यात जे होतं ते गाण्यात लावलं. गाणं तोंडी राहतं तेव्हा त्यातली भाजीसुद्धा जिवंत राहते.

शेजारीण

मिरचीचं पहिल्यांदाच कळलं! आता तो अभंग ऐकताना प्रत्येक वेळी तिथं थांबणार मी.

जात्यावरच्या ओव्या राहिल्या की. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. त्यात माहेर, भाऊ, लेक, सगळं दळताना आठवतं. अजून भाकरी झालेलीच नसते, धान्याचं पीठ होत असतं, पहाटेचा अंधार असतो. हात गोल फिरतोय म्हणून आठवण येते, चव लागली म्हणून नव्हे. तापीकाठदादांच्या क्रियापदाला आणखी एक साक्ष.

कोरडवाहू

धागा मनापासून वाचतोय. एक बाजू राहतेय, ती मांडतो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

आजी, भाकरी, माया, चुलीचा धूर हे सगळं ज्यांच्या घरात दोन वेळा चूल पेटत होती त्यांच्या आठवणीचं साहित्य आहे. माझ्या आजीच्या आठवणीत भाकरी आहे ती दुसऱ्याच्या घरून पदरात आणलेली. वरून टाकलेली, कारण हाताला हात लागू द्यायचा नव्हता. ती शिळी असायची, आजी ती पाण्यात भिजवून तव्यावर पुन्हा गरम करायची, वरून तिखट-मीठ. मला ती आवडायची. हे मी कुठल्या विशेषणानं सांगू? खमंग म्हणू? आवडायची हे खरं आणि ती कशी आली हेही खरं. दोन्ही एकाच घासात.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५मध्ये आलं, तेव्हा मी चाळिशीत होतो. आमच्या घरात शिजायचं ते पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. 'चान्या' हा शब्द छापलेला पाहिला. मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवायच्या, पावसाळ्यात कामाला येतात. लहानपणी कुणी घरी येणार असलं की आई ती दोरी आत घ्यायची. मी कवितेत चान्या लिहिल्या तर निम्म्या वाचकांना टीप द्यावी लागते आणि उरलेल्या निम्म्यांच्या पोटात काहीतरी हलतं. टीप दिली की ओळ मरते. मी देत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, बाकीच्यांनी विचारावं. पुरणपोळीला कुणी टीप देत नाही.

म्हणून नारायण सुर्वे मला जवळचे. 'भाकरीचा चंद्र' हे त्यांचे दोन शब्द, १९६२च्या 'ऐसा गा मी ब्रह्म'मधल्या कवितेतले. शेजारीणताई म्हणाल्या की दिसण्यावरून उपमा दिली तर लाडवाचा चेंडू होतो. इथंही आकारच आहे, गोलाला गोल. पण आकार हे नुसतं दार आहे. आत शिरल्यावर कळतं की या माणसाला वर बघायलासुद्धा सवड नव्हती, आणि बघितलं तर तिथंही भाकरीच दिसली. तोवरच्या कवितेत चंद्र प्रेमाचा होता. सुर्व्यांनी तो भुकेच्या ताटात ठेवला. आठवण फक्त खाल्लेल्याची नसते, न खाल्लेल्याचीही असते, आणि ती जास्त टिकते.

हावडा_मेल

कोरडवाहू दादा, नमस्कार करतो तुमच्या लिहिण्याला.

मी नोकरीनिमित्त कोलकात्यात बरीच वर्षं आहे. इथं सुकांत भट्टाचार्यांची ओळ शाळकरी पोरांना पाठ असते : भुकेच्या राज्यात जग गद्यमय झालंय, पौर्णिमेचा चंद्र जणू करपलेली रोटी. हा कवी १९४७मध्ये गेला, वय फक्त वीस. बंगालचा १९४३चा दुष्काळ त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. सुर्व्यांनी हे वाचलं होतं की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. मुंबईच्या गिरणगावात आणि कोलकात्याच्या फुटपाथवर उपाशी माणसानं वर पाहिलं तेव्हा त्याला एकच वस्तू दिसली, एवढं मला पुरतं. फरकही बघा. सुकांतची रोटी करपलेली आहे. सुर्वे ती भाकरी शोधताहेत, अजून मिळालेलीच नाही.

उंबरठा

कोरडवाहू दादा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. "दोन्ही एकाच घासात." माझ्या कवितेत एकच होतं, गोड. आजी गोडच होती असं नाही. ती चिडायची, ताटात टाकलेलं चालायचं नाही, सुनेला बोलायची. आईला तिच्या हातची भाकरी आठवली की काय आठवत असेल, हे मी कधी विचारलंच नाही. विचारते.

दूरचा_पाऊस

इंग्लंडमधून लिहितेय. एक अगदी बारीक गोष्ट, विषयाशी संबंध आहे की नाही तुम्हीच ठरवा.

इथं ज्वारीचं पीठ गुजराती दुकानात मिळतं, एक किलोची पिशवी. कधी दळलेलं असतं देव जाणे. त्याला विरी कधीच नसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, जो थोडा असतो तो ताज्या पिठात. पीठ जुनं झालं की तो जातो, भाकरी थापताना कडेनं फाटते, उचलली की तुटते. म्हणून उकळतं पाणी घालून मळायचं. मी सोळा वर्षं उकळत्या पाण्यातच मळतेय. गेल्या वर्षी गावी गेले, चुलतजावेनं गिरणीतून आणलेलं कोमट पीठ पुढ्यात ठेवलं आणि मी सवयीनं पाणी उकळत ठेवलं. ती म्हणाली, "अगं, कशाला? आजचंच दळण आहे." परातीसमोर बसल्या बसल्या मला रडू आलं. तिला वाटलं चटका बसला.

मी कविता लिहीत नाही. पण लिहिली तर आई, माहेर, देश यातलं काही लिहिणार नाही. ते उकळतं पाणी लिहीन.

तापीकाठ

ताई, तुम्ही लिहिलीत. "तिला वाटलं चटका बसला" हीच शेवटची ओळ. यापुढं काही जोडू नका.

उंबरठा

दूरचा_पाऊस ताई, तुमच्या प्रतिसादानं मला काय आठवून दिलं ते तुम्हाला कळणार नाही.

आजी गेल्यावर तिचा पिठाचा डबा कुणी उघडला नव्हता. दळण तिनंच आणलं होतं, आजारी पडायच्या आधी. मी गेल्या महिन्यात तो उघडला, तिच्याच काठवटीत भाकरी करायची म्हणून. जमेना. सारखी फाटत होती. मला वाटलं माझा हात बसत नाही. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, विरी गेली गं त्याची.

हे सगळं घडलं होतं आणि मी कवितेत खमंग, खरपूस लिहीत बसले होते. काल रात्री पुन्हा लिहिलं :

डबा उघडला.
तूच दळून आणलेलं पीठ, वर तुझ्या बोटांचे चार खड्डे.
उकळतं पाणी घातलं. मळलं. पुन्हा मळलं.
थापताना कडा फाटत गेल्या,
जोडल्या, फाटल्या,
तव्यावर टाकताना चंद्रकोर हातात राहिली.
काकू दारातून म्हणाल्या,
विरी गेली गं पिठाची, किती दिवस झाले?
मी बोटांवर मोजलं.
दोन महिने अकरा दिवस.
तव्यावर पाणी फिरवायचं राहून गेलं.

शेजारीण

"बोटांचे चार खड्डे." मी फोन बाजूला ठेवला आणि जरा बाहेर जाऊन आले.

कोरडवाहू

उंबरठाताई, आता आजी दिसली. तिचं नाव नाही, तिची माया नाही, तिची तारीफ नाही, तरी दिसली. पिठात हात घालून माप काढणारी बाई दिसली.

एकच खटकलं. 'चंद्रकोर'. तुटलेली भाकरी चंद्रकोरीसारखी दिसते, मान्य. पण या कवितेत वर कुणी बघत नाहीये. सगळं काठवटीत आणि तव्यावर चाललंय. सुर्व्यांना चंद्र लागत होता, तुम्हाला लागत नाही. आपण इथं चंद्रावर बोललो म्हणून तो आत आला असावा. 'अर्धी हातात राहिली' एवढंच म्हणा.

मुळारंभ

कोरडवाहूंशी सहमत. आणखी एक विचारतो. 'मी बोटांवर मोजलं' ही ओळ हवी का? दिवसांचा आकडा आला की मोजल्याचं कळतंच.

तापीकाठ

मी राहू द्या म्हणेन. वर तिच्या बोटांचे खड्डे आहेत, खाली हिची बोटं मोजताहेत. ती ओळ काढली तर दोन हात एकमेकांना भेटत नाहीत.

मुळारंभ

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माघार घेतो. राहू द्या.

दुपारचा_चहा

मला शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय. भाकरी करणाऱ्याला माहीत आहे, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवायचा. उशीर झाला की पिठाची बाजू कोरडी पडते, भेगा जातात, पापुद्रा सुटत नाही, भाकरी फुगत नाही. म्हणजे ती मोजत बसली तेवढ्यात ही भाकरीही गेली. हे ज्याला माहीत नाही त्याला ओळ साधी वाटेल, कामात काहीतरी राहून गेलं इतकंच. ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सगळं दिसतं. चान्यांना टीप द्यायची नाही, तशी यालाही देऊ नका.

दूरचा_पाऊस

ताई, माझ्या आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "तिनं थोडं उडदाचं पीठ मिसळायला हवं होतं, भाकरी झाली असती." मग बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, पुन्हा वाच.

उंबरठा

आईंना माझा नमस्कार सांगा. उडदाचं आमच्या आजीनंही सांगितलं असतं, आणि रागावून सांगितलं असतं.

'चंद्रकोर' काढली. आता ती ओळ 'तव्यावर टाकताना अर्धी हातात राहिली' अशी आहे. बाकी तशीच ठेवतेय. पुढच्या महिन्यात गटात वाचेन.

आईला विचारलं. आजीच्या भाकरीचं काय आठवतं म्हणून. ती भांडी लावत होती, हात न थांबवता म्हणाली, "मला पहिल्या वर्षी काठवटीला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुझी भाकरी जाड होते. मी मागं बसून बघायचे." एवढंच बोलली. त्यावर वेगळी कविता होईल, ती माझी नाही, आईची आहे. तिनं लिहिली तर इथं टाकेन.

शेजारीण

वाट बघतो. आणि डब्यातल्या उरलेल्या पिठाचं काय केलंस गं?

उंबरठा

वाटीभर बेसन, ताक, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून धिरडी घातली. धिरड्याला विरी लागत नाही. आई, मी आणि काकू, तिघींनी खाल्ली. डबा धुऊन उन्हात ठेवलाय.

कोरडवाहू

नवीन दळण आणा ताई. ज्वारी पाठवू का? यंदा मालदांडी बरी आलीय आमच्याकडे.

उंबरठा

पाठवा दादा. पत्ता निरोपातून कळवते.